दहावीचं इंग्रजी: मराठी माध्यमाच्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असतं. लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. उरलेले 20 गुण शाळेत होणाऱ्या तोंडी परीक्षेचे. लेखी पेपरला आपण आता प्रश्नपत्रिका म्हणत नाही, कृतिपत्रिका म्हणतो, आणि त्यातल्या प्रश्नांना कृती. नाव बदललं तसा पेपरही बदलला, पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची शिकवायची आणि मुलांची अभ्यास करायची पद्धत जुन्या प्रश्नपत्रिकेच्या काळातलीच राहिली आहे.

गुणांची फोड आधी नीट बघा. भाषाभ्यास 10, पाठ्यपुस्तकातले दोन उतारे 20, कविता 10, पुस्तकाबाहेरचा उतारा 10 आणि त्यावरचं सारांशलेखन 5, लेखनकौशल्य 20, भाषांतर 5. म्हणजे 80 पैकी 50 गुणांचा धड्यांशी थेट संबंधच नाही. उरलेल्या 30 गुणांचे उतारे आणि कविता पुस्तकातल्या असल्या, तरी त्या कृतिपत्रिकेत छापून समोर येतात. मुलाला त्या आठवायच्या नसतात, वाचून समजून घ्यायच्या असतात. मग धड्याखालची उत्तरं गाईडमधून पाठ करून किती गुण मिळतील? जवळपास शून्य. तरीही दहावीच्या वर्षात मुलांचा सर्वांत जास्त वेळ याच पाठांतरात जातो, आणि फेब्रुवारीत पुस्तकाबाहेरचा उतारा समोर आला की तीच मुलं गोंधळून जातात.

या पेपरात दोनच गोष्टी लागतात. समोरचा मजकूर वाचून कळणं, आणि स्वतःचं साधं, बरोबर वाक्य लिहिता येणं. वर्षभराची आखणी या दोन गोष्टींभोवती करावी. ती कशी, हे खाली क्रमाने लिहितो. शिक्षकांसाठी लिहितो आहे, पण घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही यातलं बरंचसं करता येईल.

जूनमध्ये: कोण कुठे आहे ते बघा

पहिल्या आठवड्यात धडा सुरू करू नका. प्रत्येक मुलाकडून दोन कामं करून घ्या. एक, आठवीच्या पुस्तकातला सहा-सात ओळींचा उतारा तुमच्याजवळ बसून मोठ्याने वाचायला सांगा. दोन, 'काल मी काय केलं' यावर दहा ओळी इंग्रजीत लिहायला सांगा. कुणाला विचारायचं नाही, वही उघडायची नाही. चुकलं तरी चालेल, हे आधीच सांगून टाका. नाहीतर मुलं कोरी पानं देतात.

वर्गात साधारण तीन प्रकारची मुलं दिसतील. काहींना अक्षरं जोडूनच वाचावं लागतं, वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. काही घडाघडा वाचतात, पण 'काय वाचलंस?' म्हटलं की गप्प. आणि काहींना वाचलेलं कळतं, मराठीत नीट सांगता येतं, पण इंग्रजीत एक ओळ लिहायची म्हटली की पेन थांबतं. तिघांचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं. सरसकट सगळ्यांना टेन्सचा तक्ता पाठ करायला लावून यातलं एकही बरं होत नाही.

याच आठवड्यात मागच्या वर्षाची एक कृतिपत्रिका मुलांच्या हातात द्या. सोडवायला नाही, बघायला. कुठे किती गुण आहेत, कुठे पर्याय आहे, कुठे उत्तर समोरच्या उताऱ्यातच आहे, हे त्यांनी स्वतः शोधून वहीत लिहावं. दहावीच्या मुलाला पेपरचं स्वरूप जानेवारीतल्या सराव परीक्षेत पहिल्यांदा कळावं, हे बरोबर नाही.

वाचन: रोज दहा मिनिटं, पण रोज

मराठीत जसं लिहितो तसं वाचतो. इंग्रजीत तसं नाही, आणि मुलांची अडचण तिथेच सुरू होते. 'वॉक'मधला एल मूल उच्चारतं, 'नाइफ'मधला के उच्चारतं. त्यांना वाटतं, आपल्याला वाचता येत नाही. खरं तर ती मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतात. त्यांना हे सांगा, त्यांचा धीर लगेच वाढतो.

स्पेलिंगची घोकंपट्टी करण्यापेक्षा सारख्या आवाजाचे शब्द एकत्र दाखवा: 'लाइट, नाइट, राइट, फाइट', 'स्टेशन, नेशन, एज्युकेशन', 'टॉक, वॉक, चॉक'. फळ्याच्या कोपऱ्यात रोज असा एकच गट लिहायचा. मग धड्यातली दोन-तीन वाक्यं तुम्ही वाचा, मुलं ओळीखाली बोट फिरवत ऐकतील, नंतर जोडीने एकमेकांना वाचून दाखवतील. चांगलं वाचणाऱ्याच्या शेजारी अडखळणारा बसवा. आठवड्यातून एकदाच तासभर वाचन घेण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी उपयोगी पडतात.

घडाघडा वाचून न कळणाऱ्या मुलांसाठी एकच सवय लावा. प्रत्येक परिच्छेद संपला की पुस्तक पालथं घालायचं आणि काय वाचलं ते मराठीत दोन वाक्यांत सांगायचं. मराठीत सांगू द्या. कळलं की नाही हे तपासण्याचा तोच खरा मार्ग आहे. 'इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही' हा नियम इथे नडतो.

वाक्य: वर्षाचा सर्वांत मोठा वेळ इथे द्या

मराठी घरातली मुलं इंग्रजी लिहिताना ज्या चुका करतात, त्या मनाला येईल तशा नसतात. बहुतेक चुका मराठी वाक्याच्या घडणीतून येतात. शिक्षकाने ती घडण उलगडून दाखवली, तर वर्षानुवर्षं न सुटलेली चूक महिन्याभरात सुटते. पाठ्यपुस्तकातल्या व्याकरणाच्या चौकटींत हे नसतं, कारण ते पुस्तक जगातल्या कुठल्याही मुलासाठी असावं तसं लिहिलेलं असतं. आपल्या मुलांचं मराठी आपल्यालाच ठाऊक असतं.

पहिली गोष्ट क्रियापदाची जागा. आपलं वाक्य क्रियापदाने संपतं, इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येतं. छोट्या वाक्यात दहावीची मुलं हे सांभाळतात, वाक्य लांबलं की घसरतात: 'माय ब्रदर एव्हरी मॉर्निंग शेडमध्ये द काऊज फीड्स' अशा वळणाचं काहीतरी लिहितात. फळ्यावर पाच रकाने आखा: कोण, काय करतो, कुणाला किंवा काय, कुठे, केव्हा. 'माय ब्रदर – फीड्स – द काऊज – इन द शेड – एव्हरी मॉर्निंग.' आता रोज पाच मुलांनी आपापल्या घरातलं एकेक वाक्य या रकान्यांत भरायचं. आई काय करते, आजोबा काय करतात, बस कधी येते. दोन आठवडे हे केलं की रकाने पुसून टाका, क्रम मुलांच्या डोक्यात राहतो.

दुसरी गोष्ट 'आहे'ची. 'माझे वडील शेतकरी' हे मराठीत पूर्ण वाक्य वाटतं. म्हणून मूल लिहितं, 'माय फादर फार्मर.' इथे 'इज' पण गेलं आणि 'अ' पण गेलं. या दोन चुका वेगवेगळ्या शिकवू नका. व्यवसाय किंवा ओळख सांगताना 'इज अ' हे एकाच दमात म्हणायची सवय लावा: 'इज अ फार्मर, इज अ ड्रायव्हर, इज अ नर्स.' स्वर आला की 'इज ॲन इंजिनिअर'.

तिसरी गोष्ट आपल्या 'मला'ची, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे. 'मला भूक लागली', 'मला आठवतं', 'मला आंबा आवडतो', 'मला ताप आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला पोहता येतं'. मराठीत या सगळ्या वाक्यांत माणूस 'मला' होऊन येतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो: 'आय ॲम हंग्री', 'आय रिमेंबर', 'आय लाइक मँगोज', 'आय हॅव फीव्हर', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय कॅन स्विम'. मूल मराठी 'मी'साठी 'आय' बरोबर वापरतं, पण 'मला' आलं की इंग्रजीतला 'मी' (me) किंवा 'टू मी' (to me) लिहून अडकतं. ही सहा वाक्यं फळ्यावर समोरासमोर लिहा आणि विचारा, 'मला'चं काय झालं? मुलं स्वतःच सांगतात. मग 'तिला', 'आम्हाला', 'रामला' घेऊन तीच वाक्यं करून घ्या.

चौथी गोष्ट प्रत्ययांची. आपला 'ला' एकच, पण इंग्रजीत कुठे 'टू' येतं, कुठे काहीच येत नाही. 'मी शाळेला जातो' मध्ये 'टू' हवं. 'मी रामला पाहिलं' मध्ये काहीच नको: 'आय सॉ राम.' तसंच 'ने'चं. 'पेनाने लिहितो' तिथे 'विथ', 'बसने जातो' तिथे 'बाय', आणि 'रामने आंबा खाल्ला' तिथे काहीही नाही. वेळेचं बघा: पाच वाजता 'ॲट', सोमवारी 'ऑन', जूनमध्ये 'इन', सकाळी 'इन द मॉर्निंग'. पहिल्या तिघांचा क्रम नुसता सांगितला तरी लक्षात राहतो: घड्याळ 'ॲट', वार 'ऑन', महिना आणि वर्ष 'इन'. सकाळचं तेवढं वेगळं पाठ करून घ्या.

पाचवी, 'डिड नॉट वेंट'. भूतकाळाचं ओझं 'डिड'ने उचललं की पुढच्या क्रियापदाने मूळ रूपात परत जायचं. 'डिड नॉट गो', 'डिड यू सी', 'डिडन्ट ईट'. प्रश्न आणि नकार दोन्ही एकत्रच शिकवा.

आता तपासणीचं. मुलाच्या दहा ओळींत पंधरा चुका असतात आणि आपण सगळ्या लाल करतो. मूल तो कागद बघतं आणि घडी घालून दप्तरात ठेवतं, परत उघडत नाही. त्यापेक्षा आठवड्याला एकच चूक धरा. या आठवड्यात फक्त 'इज-आर' तपासणार, असं आधी सांगा आणि बाकीच्याकडे खरोखर दुर्लक्ष करा. चुकीखाली रेघ मारा, दुरुस्ती मुलाने करायची. आणि वहीत रोज तीन वाक्यं: आपली, खरी, आजच्या दिवसाची. निबंध नको. तीनच.

पुस्तकातले उतारे

प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती, प्रत्येकी 2 गुण. पहिल्या दोन आकलनाच्या: चूक की बरोबर, जोड्या लावा, आकृतिबंध पूर्ण करा, क्रम लावा, एका वाक्यात उत्तर. तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची, पाचवी स्वतःच्या मताची. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यालाही हीच मांडणी आहे. म्हणून ही एक सवय लागली की 30 गुणांवर हात बसतो.

मुलांना उतारा वाचण्याआधी कृती वाचायला शिकवा. काय शोधायचं आहे हे कळलं की वाचन नेमकं होतं. मग उताऱ्यात उत्तराच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ. आकृतिबंधात पूर्ण वाक्यं लिहून वेळ घालवू नये, दोन-तीन शब्द पुरतात. 'कोण कोणाला म्हणालं' किंवा 'का' असं विचारलं असेल तर पूर्ण वाक्य लिहावं.

गुण हमखास जातात ते पाचव्या कृतीत. तिचं उत्तर उताऱ्यात नसतं, म्हणून मुलं एकतर ती सोडतात किंवा उताऱ्यातलीच चार वाक्यं उतरवतात. इथे तीन पायऱ्या शिकवा: मला काय वाटतं, का वाटतं, माझ्या आजूबाजूचं एक उदाहरण. समजा विचारलं, 'पुस्तकं आपले मित्र असतात असं तुम्हाला वाटतं का?' मूल लिहितं: 'यस, आय थिंक बुक्स आर अवर फ्रेंड्स. दे गिव्ह अस नॉलेज. व्हेन आय ॲम अलोन, आय रीड स्टोरीज. माय सिस्टर लर्न्ट कुकिंग फ्रॉम अ बुक.' चार साधी वाक्यं. कुठलंही गाईड हे देऊ शकत नाही, कारण बहीण त्या मुलाची आहे. तपासणाऱ्यालाही असं उत्तर वाचताना कळतं, की हे मूल स्वतः लिहितं आहे.

व्याकरणाच्या कृतीत फिरून फिरून तेच प्रकार येतात: क्वेश्चन टॅग, प्रयोग बदला, 'टू' (too) काढून 'सो... दॅट' करा, 'इफ' ऐवजी 'अनलेस', तुलनेच्या पायऱ्या, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन, 'ॲज सून ॲज'चं 'नो सूनर'. यांची वेगळी वही करा, प्रत्येक प्रकाराला एक पान. वरती एक सोडवलेलं वाक्य, खाली मुलाने धड्यातून शोधून बदललेली वाक्यं. मात्र हे सगळं वरच्या वाक्यलेखनानंतर. ज्याला साधं वाक्य लिहिता येत नाही त्याला प्रयोग बदलायला लावणं म्हणजे पाया न भरता भिंत उचलणं.

कविता

दहा गुणांपैकी 5 कडव्यावरच्या कृतींचे, 5 रसग्रहणाचे. रसग्रहणात कवितेचं शीर्षक, कवी, यमकाची रचना, एक अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना एवढंच हवं असतं. यमकासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाचा आवाज बघायचा, स्पेलिंग नाही. पहिल्या आवाजाला ए, नवा आला की बी, जुना आला की त्याचंच अक्षर.

अलंकारांना मुलं घाबरतात, आणि घाबरण्याचं काहीच कारण नाही. हेच अलंकार ती मराठीच्या तासाला शिकलेली असतात. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास. मराठीच्या बाईंशी बोलून दोन्ही विषयांत हे एकाच आठवड्यात घेतलं तर दोन्हीकडचे गुण वाढतात. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की आधी उपमा तपासा. मध्यवर्ती कल्पना दोन वाक्यांत, आपल्या शब्दांत.

सारांशलेखन

पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यावरच हे 5 गुण असतात. मुलं बहुतेकदा उताऱ्याची पहिली चार आणि शेवटची तीन वाक्यं जोडून देतात. त्यांना आधी मराठीत हे करायला लावा. वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी द्या आणि सांगा, ही आजीला फोनवर दोन वाक्यांत सांग. काय ठेवलं, काय गाळलं? उदाहरणं गाळली, आकडे गाळले, कुणाचं बोलणं गाळलं, पुन्हा आलेलं गाळलं. तेच इंग्रजी उताऱ्यावर करायचं. प्रत्येक परिच्छेदाचा एकेक मुद्दा, जमेल तितका स्वतःच्या शब्दांत, आणि वर शीर्षक. लांबी मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवावी. शीर्षक विसरू नये.

लेखन: वीस गुण, चार कृती, आणि प्रत्येकीत निवड

पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, आणि बातमी किंवा गोष्ट. प्रत्येकी 5 गुण. चारही ठिकाणी पर्याय आहे. दिवाळीपर्यंत दोन्ही पर्यायांचा सराव घ्यावा. दिवाळीनंतर प्रत्येक मुलाने आपला एक पर्याय पक्का करावा आणि मग त्याच्यावरच मेहनत घ्यावी.

माझा कल सांगतो. पत्रात बहुतेक मुलांसाठी औपचारिक पत्र सोपं, कारण त्याचा साचा ठरलेला आणि मजकूर मुद्द्याचा. माहितीच्या रूपांतरात इंग्रजीत कच्च्या मुलांनी मजकुरावरून तक्ता किंवा आकृती करण्याचा पर्याय घ्यावा, कारण तिथे वाक्यं लिहावी लागत नाहीत, शब्द योग्य चौकटीत बसवायचे असतात. आकृतीवरून परिच्छेद लिहायचा पर्याय ज्याची वाक्यं पक्की त्याच्यासाठी. संवादाच्या कृतीत विस्कळीत वाक्यांचा क्रम लावणं आणि अपुरा संवाद पूर्ण करणं हे दोन भाग बहुतेक मुलांना जमतात, म्हणून भाषणाची खास आवड नसेल तर संवादच बरा. बातमी आणि गोष्ट या दोन्हींना भूतकाळ लागतो. बातमीत मथळा, ठिकाण-तारीख, पहिल्या वाक्यात काय-कुठे-केव्हा-कोण, मग तपशील. एवढं बसलं की बातमी गोष्टीपेक्षा कमी घसरते. गोष्ट लिहिताना मुलं रंगतात आणि काळ विसरतात.

पत्राचा मजकूर कसा करून घ्यायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. विषय घ्या: गावातून शाळेला येणारी एस.टी. रोज उशिरा येते, आगार व्यवस्थापकांना विनंतीपत्र. पहिल्या तासाला साचा लिहून घेऊ नका. मुलांना मराठीत विचारा, साहेबांना काय सांगाल? फळ्यावर मराठीत मुद्दे येतील. आम्ही कोण, काय अडचण, त्याने काय नुकसान, काय करावं. प्रत्येक मुद्द्याचं एक इंग्रजी वाक्य मुलांकडूनच काढा: 'आय ॲम अ स्टुडंट ऑफ स्टँडर्ड टेन. आवर बस कम्स लेट एव्हरी डे. वुई मिस द फर्स्ट पीरियड. वुई रिक्वेस्ट यू टू सेंड द बस ऑन टाइम.' चार वाक्यांत पत्राचा जीव आला. आता त्याच्याभोवती साचा बांधा: पत्ता, तारीख, प्रति, विषय, संबोधन, समारोप, सही. साचा आधी दिला की मुलं साचा सुंदर लिहितात आणि मधला मजकूर दीड ओळीचा राहतो. गुण साच्याला असतात तसे मजकुराला आणि भाषेलाही असतात.

भाषाभ्यास आणि भाषांतर: हक्काचे पंधरा गुण

भाषाभ्यासात गाळलेली अक्षरं भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, विरामचिन्हं द्या, दिलेल्या शब्दातून नवे शब्द बनवा, शब्दसाखळी पूर्ण करा असल्या कृती येतात. खेळासारख्या आहेत, तशाच घ्या. 'इंटरनॅशनल' या शब्दातल्या अक्षरांतून 'रेन, नेल, ट्रेन, लेट' निघतात. अशी चढाओढ तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत लावली की कच्च्यातली कच्ची मुलं पुढे येतात. विरामचिन्हांत अवतरणचिन्ह आणि त्याआधीचा स्वल्पविराम यावर लक्ष द्या.

भाषांतराचे 5 गुण: चार शब्द, दोन वाक्यं, एक म्हण किंवा वाक्प्रचार. हे मराठीत लिहायचं असतं आणि तरीही मुलं इथे गुण घालवतात. कारण ती शब्दाला शब्द ठेवतात. म्हणीला आपली म्हणच द्यावी: 'मेनी अ लिटल मेक्स अ मिकल' ला 'थेंबे थेंबे तळे साचे', 'एम्प्टी व्हेसल्स मेक मच नॉइज' ला 'उथळ पाण्याला खळखळाट फार', 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' ला 'नाचता येईना अंगण वाकडे'. वाक्याचं भाषांतर झालं की मनात वाचून बघायला सांगा, घरात असं बोलतो का आपण? नसेल तर बदलायचं. हे काम इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांना उत्तम जमतं. मुलाने मराठी वाक्य वाचून दाखवायचं आणि त्यांनी सांगायचं, कानाला बरं लागतं की नाही.

तोंडी परीक्षा

20 गुणांची ही परीक्षा अनेक शाळांत एका दिवसात उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं. ऐकणं आणि बोलणं इथेच तपासलं जातं. दर शनिवारी चार-पाच मुलांनी उभं राहून मिनिटभर बोलावं. विषय जवळचे द्या: माझी शाळेची वाट, आमच्या गावचा बाजार, गणपतीची आरास, कबड्डीचा सामना. मध्येच मराठी शब्द आला तर अडवू नका, वाक्य संपल्यावर इंग्रजी शब्द सांगा. ऐकण्यासाठी तुम्ही एक छोटा परिच्छेद दोनदा वाचा आणि तीन प्रश्न विचारा. जे मूल वर्षभर बोललं, त्याची पाचव्या कृतीतली उत्तरंही सुधारलेली दिसतील.

जी मुलं नापासाच्या काठावर आहेत

उत्तीर्ण व्हायला लेखी आणि तोंडी मिळून 100 पैकी 35 गुण लागतात. अशा मुलाला सगळा पेपर शिकवायला जाऊ नका. भाषाभ्यासाचे 7-8, भाषांतराचे 3, तिन्ही उताऱ्यांच्या पहिल्या दोन कृतींतून 7-8, मजकुरावरून तक्ता करण्याचे 3-4, पत्राचा साचा आणि चार वाक्यं यांचे 2-3. इतकं जमलं आणि तोंडी परीक्षा मनापासून दिली, तर मूल काठ ओलांडतं. याच क्रमाने शिकवा. पहिल्या दोन भागांत गुण दिसायला लागले की मूल पुढचं शिकायला तयार होतं. 'तुझं काही खरं नाही' हे वाक्य मात्र वर्गात उच्चारू नका, इंग्रजीत तर मुळीच नको.

शेवटचे दोन महिने आणि परीक्षेचा दिवस

डिसेंबरपासून दर आठवड्याला एक पूर्ण कृतिपत्रिका घड्याळ लावून. तीन तासांची विभागणी साधारण अशी: भाषाभ्यास 15 मिनिटं, पाठ्यपुस्तकातले दोन उतारे 40, कविता 20, बाहेरचा उतारा आणि सारांश 35, लेखन 50, भाषांतर 10, तपासणी 10. प्रत्येक पेपरनंतर मुलाने वहीत एकच गोष्ट लिहावी, माझा वेळ कुठे गेला आणि गुण कुठे गेले. पुढच्या आठवड्याचा सराव तेवढ्यावरच.

नवीन काही शिकवणं जानेवारीच्या अखेरीला थांबवा. फेब्रुवारीत जुन्या कृतिपत्रिका, व्याकरणाची वही, पत्राचा साचा आणि रोजची तीन वाक्यं. आदल्या रात्री जागरण नको. या विषयात रात्रभरात पाठ करण्यासारखं काही नाही.

पेपर हातात पडल्यावर आधी सगळा एकदा वाचायचा आणि लेखनातले पर्याय तिथेच ठरवून टाकायचे. मग क्रमाने सोडवावं. एखाद्या कृतीवर अडलं तर जागा सोडून पुढे जावं. प्रत्येक विभाग नव्या पानावर, कृतीचा क्रमांक ठळक. शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोष्टी तपासायच्या: प्रत्येक वाक्याची सुरुवात कॅपिटल अक्षराने झाली का आणि शेवटी पूर्णविराम आहे का, 'डिड'नंतर मूळ क्रियापद आहे का, आणि मागे सोडलेल्या जागा भरल्या का. कोरी जागा दिसली तर तिथे एक तरी वाक्य लिहूनच उत्तरपत्रिका द्यायची.